पाण्याचे श्रोते

रत्नागिरी तालुक्यातली निम्मी घरं योगिनी भाटकरच्या ओळखीची आहेत. कुणाचा काका पंगतीत कसा रुसतो, कुणाची आत्या अक्षता नवरानवरीवर टाकायच्या सोडून भटजींना मारते, कुणाचा बाप मुलगी सासरी निघताना हसत उभा राहतो आणि मग मांडवामागे जाऊन नळाखाली तोंड धुतो, हे सगळं तिला तोंडपाठ आहे. तिला मात्र त्यांच्यातलं कुणी ओळखत नाही. हा प्रकार असा एकतर्फी गेली एकोणीस वर्षं चालू आहे.

योगिनी लग्नाच्या फिल्म एडिट करते. शूटिंग करणारे निराळे. ते मांडवात हिंडतात, पोटभर जेवतात, वरमाईशी हुज्जत घालतात. ही घरात बसून त्यांनी गोळा केलेलं निवडते, कापते आणि जोडते. हर्णैपासून राजापूरपर्यंतचे शूटिंगवाले मेमरी कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या परटवण्यातल्या घराच्या फाटकाला अडकवून जातात, आणि तयार फिल्म इंटरनेटवरून घेतात. म्हणजे ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांचंही तोंड दिसत नाही. वय चव्वेचाळीस. लग्नाचा योग आला नाही, आणि पुढे पुढे तर इतकी लग्नं बघून झाली की स्वतःचं राहिलंय याची लोकांना आठवण करून द्यावी लागे. आई तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्या घरात जी काही सनई वाजते ती हेडफोनमध्ये.

एकदा मिरकरवाड्याला मासळीबाजारात तिला ईशा दिसली. ईशा म्हणजे आदल्या मे महिन्यातली एक नवरी. हिची पाठवणी कापायला योगिनीला चार दिवस लागले होते. डाव्या गालावरून पाणी कुठल्या सेकंदाला ओघळतं तेही तिला ठाऊक होतं. जुनी मैत्रीण भेटावी तशी ती हसली आणि म्हणाली, "कशी आहेस गो? आजीच्या पायाचं प्लास्टर निघालं का?"

ईशाने सौंदाळ्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आजी बरी हाय. पन तुमी कोन? मी नाय वळखलं."

'मी तुझी फिल्म कापली' असं सांगता आलं असतं. पण भर बाजारात ते असं काही विचित्र वाटलं असतं, की योगिनी म्हणाली, "चुकलं, मला दुसरीच वाटली," आणि मासे न घेताच रिक्षात बसली. त्या दिवशी तिला फार एकटं वाटलं. असं वाटणं नवं नव्हतं, पण त्या दिवशी रिक्षावाल्याशी सुद्धा बोलवेना.

तर अशा बाईकडे गौरव शूटिंगवाला एक दिवस चक्क घरात येऊन बसला. फाटकाला पिशवी न अडकवता तो आत आला, तेव्हाच तिला कळलं की काहीतरी अडलंय.

"ताई," तो म्हणाला, "आरे-वारेच्या रस्त्याला दर्शन पावसकरनं हॉल काढलाय, माहीत आहे? वडिलांचा काजूचा कारखाना बंद पडला होता, त्यातच. शनिवारी गझल, रविवारी पोरापोरींचा बँड. आता त्याला पडदा लावायचाय. लोकांनी मोबाइलवर बटण दाबलं की पडद्यावरचं चित्र बदललं पाहिजे, असा. पुण्याला कुठेतरी बघून आलाय. आणि एक सुद्धा वायर नको म्हणतो. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक वायरीत पाय अडकून पेटीवर पडलं."

"मग कर की तू."

"मला कॅमेरा धरता येतो. आराखडा लिहायचाय, अकरा प्रश्न विचारलेत त्यानं. तुम्ही लिहा, मी तुमचं नाव सांगतो."

पुढचे तीन आठवडे योगिनीने लग्नं बाजूला ठेवली आणि आराखडा लिहिला. एकोणीस वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती: बोलणाऱ्याचा चेहरा बघण्यात राम नाही, कारण तो सांभाळलेला असतो. ऐकणाऱ्याला आपण दिसतोय याचं भान नसतं. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींचा शॉट ती दोन सेकंद ठेवी आणि ऐकणाऱ्या आईचा वीस. म्हणून आराखड्याच्या पहिल्याच पानावर तिने लिहिलं, 'गाणारा स्टेजवर आहे, तो सगळ्यांना दिसतोच. पडद्यावर ऐकणारा दिसावा.' मग पुढे सगळा तपशील. आगपेटीएवढे सहा बिनतारी कॅमेरे. एक साथ करणाऱ्यांवर, एक पुढच्या रांगांवर, एक बायकांच्या बाजूला, असे. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला क्यूआर कोड. तो मोबाइलने टिपला की सहा बटणं दिसतील. ज्या बटणाला जास्त बोटं, ते चित्र पडद्यावर. इंटरनेट नको, हॉलचं स्वतःचं वायफाय. खाऱ्या वाऱ्याने जोड गंजतात, म्हणून दर महिन्याला कुठला भाग पुसायचा तेही लिहिलं.

नवव्या पानावर हॉलचा नकाशा होता. त्यात मधल्या रांगेच्या बरोबर मध्यावर दोन खुर्च्या काढून तिने एक टेबल दाखवलं होतं. त्या टेबलावर लॅपटॉप आणि त्यामागे ती. खरं म्हणजे ते टेबल तिथे असायची काडीची गरज नव्हती. बिनतारी कारभार, कुठूनही चालला असता. वर माळ्यावर काचेची केबिन होती, पंखाही होता. पण सगळा आराखडा त्या एका टेबलासाठी होता, हे आपण तरी सांगून टाकू. दर शनिवारी-रविवारी माणसांच्या मधोमध बसायला मिळेल. डावीकडे कुणीतरी, उजवीकडे कुणीतरी. कुणी विचारलंच, तर 'माझं काम आहे इथं' असं सांगता येईल. कामाशिवाय चारचौघांत जाऊन बसायची तिची सवयच मोडली होती.

दर्शनने आराखडा वाचला. माणूस बत्तिशीतला, हिशेबी, पण बोलायला गोड. "मला आवडलं," तो म्हणाला. "पण कागदावर सगळंच चालतं. एका कार्यक्रमात करून दाखवा. जमलं तर सगळं तुमच्या नकाशाप्रमाणे कायम करू. नाही जमलं तर सोडून देऊ, मनात काही ठेवायचं नाही."

आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. रिकाम्या हॉलात कॅमेरे झकास चालले. पण योगिनीने वाचलं होतं, की माणसांची गर्दी झाली की बिनतारी लहरी अडतात, कारण माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी आणि पाणी लहरी गिळतं. रिकामा हॉल तपासायला कुणाचीच मदत लागत नाही. भरलेल्या हॉलची परीक्षा घ्यायची तर माणसं हवीत. पन्नास-साठ माणसं, दोन तास, नुसती खुर्चीवर बसायला. हिने फोन हातात घेतला. फोनमध्ये एकवीस शूटिंगवाले, गॅसवाला, डेंटिस्ट आणि डोंबिवलीचा भाऊ. हजारो माणसांचे चेहरे माहीत असलेल्या बाईला साठ माणसं बोलावता येईनात. फोन तिने उलटा ठेवला आणि थोडा वेळ रडली. मग डोळे पुसले आणि पाणीवाल्या सदूला फोन केला.

सदू टेंपोतून वीस लिटरचे पाण्याचे जार पोचवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो साठ भरलेले जार घेऊन हजर झाला.

"कारेक्रम हाय वाटतं?" त्याने विचारलं. "लोक किती?"

"लोक नाहीत. जार खुर्च्यांवर ठेवायचे आहेत. एकेका खुर्चीवर एकेक."

सदूने तिच्याकडे बघितलं, मग खुर्च्यांकडे. "खुर्चीवर? जार बसनार, आनि लोक?"

योगिनीने त्याला लहरींचं आणि पाण्याचं समजावून सांगितलं. सदूने टोपी मागे सारली. "म्हंजे मी रोज टेंपोतून साठ मानसं फिरवतंय म्हन की. आनि एक जन भाडं देत नाय." एवढं बोलून त्याने निमूटपणे जार लावायला घेतले. लावून झाल्यावर एक थोडा वाकडा बसला होता तो त्याने सरळ केला, आणि चार वाजता परत नेतो म्हणून निघून गेला.

हॉलात आता ती आणि साठ जार. तिने कॅमेरे लावले, मधल्या टेबलावर बसली. आणि खरंच, पाचव्या रांगेपासून चित्र अडकायला लागलं. जार हलत नव्हते, म्हणून चित्र किती उशिरा येतं ते कळेना; मग तिने सहावा कॅमेरा स्वतःच्या तोंडासमोर ठेवला, हात हलवला आणि पडद्यावरचा हात कधी हलतो ते मोजलं. चार सेकंद. फारच उशीर. तिने शिडी आणली, लहरी सोडणाऱ्या पेट्या भिंतीवरून काढून वर वाशांना बांधल्या, माणसांच्या डोक्यांच्या वर. खाली उतरून परत हात हलवला. अर्धा सेकंद.

काम झालं होतं, तीनच वाजले होते. घरी जाता आलं असतं. पण ती बसून राहिली. पहिल्या रांगेतल्या जाराला तिने हर्णैचा तो काका ठरवला, जो प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेत बसून झोपतो. त्याच्या शेजारी त्याची बायको, जी त्याला कोपर मारते. मागे ईशा आणि तिची आजी. बघता बघता अख्खा हॉल तिच्या ओळखीच्या माणसांनी भरला. "बसा हं आरामात," ती मोठ्याने म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज पत्र्यावरून परत आल्यावर एकदम ओशाळली. सदू चार वाजता आला तेव्हा ती दाराबाहेर उभी होती.

कार्यक्रम ठरला शक्ती-तुऱ्याचा. पाहुण्यांना गझल ठीक, पण हॉल भरायचा तर इथल्या माणसाला बारीच हवी, एवढं दर्शनला कळत होतं. बारी म्हणजे सामना. एक फड शक्तीचा, एक तुऱ्याचा. एका बाजूचा शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, मागचा कोरस ओळ उचलून धरतो, नाचणारे फेर धरतात. तेवढ्या वेळात समोरच्या शाहिराने खाली बसून जवाब लिहायचा आणि आपल्या पाळीला गायचा. जवाब आला नाही किंवा अर्धवट राहिला, तर बारी हरली.

शक्तीकडून जयगडची मृणाली होती. वय सव्वीस, गळा असा की ढोलकीवाल्याला घाम फुटावा. तुऱ्याकडून गंगाराम शाहीर. पंचेचाळीस वर्षं शाहिरी आणि त्यातली तीस एसटीत कंडक्टरी करून. अजून पेन्सिल कानावरच असायची.

संध्याकाळी सहाला हॉल भरला. दोनशे खुर्च्या, शिवाय उभे राहिलेले वेगळे. योगिनी टेबलाशी बसली. डावीकडे एक बाई नातीला घेऊन, उजवीकडे दोन रिक्षावाले. नातीने योगिनीच्या पदराचं टोक तोंडात घातलं आणि योगिनीने ते काढलं नाही.

गण, गौळण झाली आणि मृणालीने पहिला सवाल टाकला. लोकांनी मोबाइल काढले, थोडा वेळ ढोलकी बघितली, थोडा वेळ एकमेकांना बघितलं आणि मग सगळ्यांना एकदम शोध लागला की तीन नंबरचा कॅमेरा गंगारामवर आहे. झालं! मृणाली टोमणा मारी, आणि पडद्यावर पाच हात उंच गंगारामची मिशी एका बाजूला चढे. तो पेन्सिल चावी, काहीतरी लिही, खोडी. लोक हसून लोटपोट. ज्याला कधी कुणी बघत नव्हतं, तो खाली बसलेला शाहीर आज बघायला मिळत होता. चित्र एकदाही अडकलं नाही. दाराशी दर्शन दोन्ही हात कमरेवर ठेवून पडद्याकडे बघत होता आणि त्याच्या तोंडावरून योगिनीला समजलं, की जमलं.

मृणालीने गाणं थांबवून विचारलंच, "मी गातंय नि तुमी त्या म्हाताऱ्याला बगताव?" त्यावर तर टाळ्याच पडल्या.

आता गोष्ट अशी, की पाच बटणांना नावं होती आणि सहाव्याला नव्हतं. नुसता आकडा. जारांच्या दिवशी स्वतःच्या तोंडावर लावलेला तो कॅमेरा योगिनी काढायचा विसरली होती. आणि आपल्या लोकांना नाव नसलेलं बटण दिसलं की ते दाबल्याशिवाय चैन कुठे पडायला! मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "सहा काय हाय रे?" आणि दहाएक सेकंदांत पडद्यावर एका बाईचं तोंड आलं. तोंड थोडं उघडं, डोळे स्टेजवर, आणि ओठ कोरसाबरोबर हलतायत. तिला पत्ताच नव्हता.

"कोन गो ही?" शेजारची बाई नातीला म्हणाली, आणि पडद्यावरून नजर खाली आणून योगिनीकडे वळून बघितलं. कुजबुज रांगारांगांतून फिरली. दोनशे माणसं. त्यांतल्या निदान चाळीस जणांच्या घरची लग्नं तिच्या हातांखालून गेली होती. एकालाही सांगता येईना. सांगू शकणारे दोघेच, त्यांतला दर्शन लांब दाराशी आणि गौरव नेमका बाहेर गाड्या लावून देत होता.

मृणाली कसलेली. पडद्यावर आलं तेच तिने सवालात घेतलं:

"सांगा तुरेवाल्या शाहिरा, नका धरून बसू मौन,
सारी तोंडं ठाऊक आम्हां, परद्यावरची ती कोण?"

कोरसाने ओळ उचलली, 'परद्यावरची ती कोण, ती कोण', आणि हॉलही त्यांच्याबरोबर गायला लागला. योगिनीने वर बघितलं, स्वतःला बघितलं आणि झटकन कॅमेरा आडवा पाडला. सवाल मात्र पडला होता. तो काही आता आडवा पडणार नव्हता.

मध्यंतरात गंगाराम वही घेऊन थेट तिच्या टेबलाशी आला. "बाय, तुजा नाव काय? जवाबात घालायचा हाय."

"योगिनी."

"कुनाची?"

कोकणात 'कोण' या प्रश्नाला नुसतं नाव पुरत नाही. घर कुणाचं, मालक कोण, माहेर कुठलं, एवढं आलं की माणूस पुरा होतो. योगिनी म्हणाली, "भाटकरांची. मूळ घर भाट्ये. आता कुणी नाही तिथं. इथंही नाही."

गंगारामची पेन्सिल थांबली. "मंग करतेस काय?"

"लग्नाच्या फिल्म कापते."

"स्वतःच्या?"

"नाही हो. लोकांच्या."

गंगाराम हसला नाही. वहीत दोन शब्द लिहून तो गेला.

मग त्याची पाळी आली. ढोलकी सुरू झाली. म्हाताऱ्याने कानावर हात ठेवला:

"कोण पुसता शक्तीवाल्यांनो, घ्या नाव माझ्या तोंडून,
भाट्याची योगिनी बाय ती, बसली समद्यांस जोडून!"

आरडाओरडा झाला. दोनशे बोटांनी सहा दाबला. कॅमेरा तिने मघाशी पाडला होता, पण रिक्षावाल्याने मोठ्या हौसेने तो उचलून परत सरळ केला. पडद्यावर योगिनी. सगळ्या माना मधल्या रांगेकडे. हे तिला हवं होतं, यासाठी तिने अकरा पानं लिहिली होती, आणि आता ते समोर येऊन उभं राहिल्यावर तिचा हात लॅपटॉपवर गेला. एवढ्या नजरा एकदम सोसायच्या कशा, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. गंगाराम पडद्याकडे बघत पुढची ओळ उचलत होता, "दुसऱ्यांची लग्नं बघता बघता..." आणि योगिनीच्या बोटाने सवयीने तेच केलं, जे एकोणीस वर्षं ते करत आलं होतं. शॉट कापला.

पडदा काळा. गंगारामचा ठेका चुकला, कोरस गोंधळला, ढोलकी दोन हात वाजून थांबली. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. पंचांनी जवाब अर्धा धरला. बारी शक्तीची झाली.

दोन दिवसांनी दर्शनचा फोन आला. खूश होता. "ताई, पास! लोक अजून गंगारामच्या मिशीबद्दल बोलतायत. सगळं तुमच्या कागदाप्रमाणे कायम करू. फक्त ते टेबल... तुम्हाला त्या दिवशी जड गेलं, मी बघितलं. वर केबिनमध्ये बसता का? काच आहे, कुणी बघणार नाही. तुमची मर्जी. खाली तर खाली."

"आज येतेच आहे कॅमेरे पुसायला," ती म्हणाली. "तिथं सांगते." पण मनात तिचं ठरलं होतं. केबिन. फोन ठेवल्यावर तिला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचंच वाईट वाटलं.

दुपारी ती हॉलात एकटी मधल्या टेबलाशी बसून कॅमेरे पुसत होती. गंगाराम शाहीर आला. एसटीने आला होता, हातात छत्री आणि काखेत वही. ती उठून उभी राहिली. "काका, माझ्यामुळं तुम्ही हरलात. मला माफ करा."

"हरन्याचा काय नाय गो," तो समोरच्या खुर्चीवर बसत म्हणाला. "लय बाऱ्या हरलो. पन पंचेचाळीस वरसांत जवाब अर्धा नाय ठेवला कदी. दोन दिवस झोप नाय. जिचा जवाब तिला तरी पुरा आयकवतो, म्हंजे सुटलो."

वही न उघडता त्याने कानावर हात ठेवला आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला:

"दुसऱ्यांची लग्नं बघता बघता सरलं हिचं आयुक्ष..."

"सरलं कुठं?" योगिनी एकदम म्हणाली. "चव्वेचाळीसच आहे मी."

गंगारामने बोटं थांबवली. मनात मोजलं. "चाललं घालू. 'चाललं हिचं आयुक्ष'. बसतंय." मग परत सुरुवात केली. आवाज म्हातारा होता, वर जाताना फाटत होता, आणि तो तिच्याकडेच बघून गात होता. ती ऐकत होती. आपलं तोंड आता कसं दिसत असेल ते तिला कळत होतं, कारण असे चेहरे तिने हजारो पाहिले होते. तिने तोंड फिरवलं नाही.

"आज हिच्याकडं बघा की जरा..." एवढं म्हणून गंगाराम थांबला. टेबलावरची बोटं चालूच होती. तो वाट बघत होता.

"काय झालं?" तिने विचारलं.

"कोरस नाय. वळ कुनी उचलल्याबिगर मला फुडं जाता येत नाय. तू उचल."

"मी? माझ्यावरचीच ओळ?"

"दुसरा कोन हाय हतं?"

योगिनीने घसा खाकरला. मोठ्याने गायल्याला किती वर्षं झाली होती, कोण जाणे. पहिला शब्द नुसता हवेसारखा बाहेर आला. दुसऱ्याला आवाज फुटला. "आज हिच्याकडं बघा की जरा," ती म्हणाली, मग गायली, आणि डोळ्यांतलं पाणी गालावर आलं ते तिने येऊ दिलं. गंगारामने मान डोलावली आणि पुढची ओळ घेतली, "नका देऊ दुसरीकडं लक्ष", आणि तीही तिच्याकडे सोपवली.

तेवढ्यात दर्शन दारातून आत आला. "अरे वा, शाहीर!" तो म्हणाला. "ताई, मग काय ठरलं? टेबल वर की खाली?"

ओळ तिच्या तोंडात होती, अर्धी. ती तशी सोडता येत नव्हती. म्हणून गाता गाताच तिने बोटाने खाली दाखवलं.